मशेरीचा तवा
लेकीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं होतं: जुन्या काळच्या लोकांच्या दातांच्या तऱ्हा. जेद्दातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज जेवताना ती एकेक वाचून दाखवायची. रोमन लोक म्हणे लघवीने चुळा भरत. इजिप्तमध्ये बैलाचे खूर जाळून त्या राखेने दात घासत. "छी मम्मा, सोचो," म्हणत ती खिदळायची. मीही हसायचे, पण ओठ मिटून.

कारण मी मशेरी लावते, लग्नाच्या आधीपासून. नवरा ड्यूटीवर आणि पोर शाळेत गेली की एक्झॉस्ट लावायचा, गावाहून मसाल्याच्या पुड्यांत लपवून आणलेली तंबाखू जुन्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि कॉफीच्या बरणीत भरून ठेवायची. मग बाथरूमची कडी लावून बोटाने हिरड्यांवर फिरवत बसायचं. त्याशिवाय पोट साफ होत नाही आणि डोकंही चालत नाही. भिशीला लिपस्टिक लावून जाणारी इंजिनियरची बायको मी, आणि सवय ही असली. स्वतःची शिसारी येते, पण सुटत नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

मध्यंतरी दाढ दुखली तेव्हा लेक सोबत आली होती. डॉक्टरीणबाईंनी डाग बघून हिंदीत विचारलं, तंबाखू खाता का? मी सगळं चहावर ढकललं. लेक शेजारी मोबाइलमध्ये मान घालून बसली होती.

प्रोजेक्टचं शेवटचं पान आपल्याकडच्या पद्धतीचं होतं. तिने मला विचारलं. मग मी तिला दातवणाचं सांगितलं. पूर्वी आपल्याकडे सवाष्णी दात काळे करत, तेच सुंदर समजत. फार जुनी गोष्ट, आता कोणी असलं काही करत नाही, हे मी पुन्हा पुन्हा बजावलं. तिने लिहून घेतलं.

प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला तेल लावून वेणी घालत होते. माझं बोट तिच्या नाकाजवळून गेलं तशी तिने मान किंचित बाजूला घेतली. मग एरवी माझ्याशी हिंदीत बोलणारी माझी पोर हळूच मराठीत म्हणाली, "मम्मा, तुझं नाही लिहिलं मी."

वेणी होत आली होती. लेक आता मागे वळून माझ्याकडे बघेल, या भीतीने मी वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.