माझ्या लग्नाचा पंचनामा

एकोणीसशे सत्तावन्न साली फ्लूची साथ आली आणि नेमकं त्याच आठवड्यात माझं लग्न निघालं. रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यात दवंडी पिटली गेली: दहापेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमू नये. ती ऐकायला झाडून सगळा कोळीवाडा जमला, तापाने फणफणलेलेसुद्धा. दारूबंदी तर आधीपासून होतीच, त्यात आता माणूसबंदी. दुष्काळात तेरावा महिना!

आमच्यात पितरांना दारूचे चार थेंब दिल्याशिवाय लग्न लागत नाही. मुरुडहून वऱ्हाड घेऊन आलेल्या सासऱ्यांनी होडीतून उतरताच बाबांना बजावलं, "थेंब न्हाय, तर लगीन न्हाय. होडी तशीच परत फिरवीन." बाबांचा चेहरा उतरला. मांडवातून वऱ्हाड परत गेलेल्या मुलीला पुन्हा कोण विचारणार?

बाबांनी सुक्या बोंबलांच्या टोपलीत एक बाटली लपवली होती. ती काढणार एवढ्यात पोलीस जमादार मांडवात शिरले, नाकाला रुमाल, हातात दंडुका. आधी त्यांनी माणसं मोजली. दहाच्या वरची सगळी स्वतः हाकत नेली आणि शेजारच्या पडवीत एकमेकांना खेटून बसवली. मांडवापुरता कायदा पाळला गेला. मग त्यांनी टोपली उपडी केली आणि बाटली गडगडत बाहेर आली.

पंचनामा करायचा तर आत दारूच आहे, हे आधी ठरायला हवं. जमादारांनी दोन पंच पकडले. दोघांनी बाटली हुंगली, पण नाकं सर्दीने चोंदलेली. "काय कलत न्हाय, सायब." मग जमादारांनी रुमाल काढून स्वतः हुंगलं आणि तीन वेळा शिंकले. आता चव घेण्यावाचून कायद्याला वाटच उरली नव्हती. त्यांनी पेल्यात थोडी ओतली.

पण जमादारही जन्माने कोळीच. पेला तोंडाला लावण्याआधी त्यांचं बोट जुन्या सवयीने आत बुडालं आणि चार थेंब जमिनीवर शिंपडले गेले.

लग्न लावणारी आमची म्हातारी धवलारीण टपूनच बसली होती. "पोचला पितरांना! हलद आना!" असं ओरडून तिने लग्नाचं गाणं उचललं. सासऱ्यांनी मान डोलावली. सरकारी हातून पाहुणचार झालेले पितर त्यांच्या सात पिढ्यांत नव्हते. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

आता जमादार बाबांना बेड्या घालणार, असं वाटलं. ते मात्र जमिनीवरच्या ओल्या डागाकडे बघत उभे राहिले. चव घ्यायचंही विसरले.

"नोकरी धरल्यापासून माज्या बापाला थेंब दिला न्हवता," ते हळूच बाबांना म्हणाले. "आज दिला, पन त्याचं नाव घ्यायचं ऱ्हायलं. घेऊ का?"

बाबांनी त्यांना पाट मांडून दिला.