मेंढरं बसलेला कोपरा

तेजस, अनघा — हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तुमच्या आजोबांशी नाही, तुमच्या आईशीही नाही. वाचताना अडलात तर तिला विचारू नका, हळूहळू अर्थ लागेल. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला सबबी फार चांगल्या जमतात.

नांदेडला येता तेव्हा माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांना तुम्ही हसता. आजी काही विसरत नाही, म्हणता. कामावरही असंच म्हणत. मला ते आवडायचं — किती आवडायचं, हे तेव्हा कळत होतं का?

मी लातूरकडच्या एका संशोधन केंद्रात ज्वारीवर काम करायचे. पिकाला नत्र, म्हणजे नायट्रोजन, लागतं. आपण युरिया टाकतो, पण त्यातलं बरंच पिकाला मिळतच नाही. काही वाण मात्र थोडक्यात भागवतात. मुळांनी नत्र उचलायचं, जुन्या पानांतून काढून कणसाकडे न्यायचं — या कामांची जनुकं असतात. आणि त्यांना कधी जागं करायचं, कधी निजवायचं, हे ठरवणारी आणखी काही. ती आम्ही शोधत होतो. त्यासाठी रानाचा एक तुकडा मुद्दाम उपाशी ठेवला होता. कित्येक वर्षं ना शेणखत, ना युरिया. माझी विद्यार्थिनी संगीता, निलंग्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, त्यात पुष्कळ वाणांची एकेक ओळ पेरणार होती. जी ओळ हिरवी राहील, तिची जनुकं तपासायची.

पेरणीआधी एका संध्याकाळी एक म्हातारे धनगर कळप घेऊन आले. "बाई, आजची रात टेकू द्या. मी कशाला हात लावणार न्हाई — मेंढरांचं मात्र सांगत न्हाई." मला हसू आलं. मी शेजारचं पडीक दाखवलं. आमच्या तुकड्याचं फाटक... ते मीच उघडलं होतं. लावलं नाही.

सकाळी कळप गेलेला, आणि एका कोपऱ्यात लेंड्याच लेंड्या. कुणी यायच्या आत मी खराट्याने सगळं झाडून काढलं. मुरलेलं मूत कसं झाडणार? आपल्याकडे लोक खतासाठीच तर रानात मेंढरं बसवतात — मला हे ठाऊक नव्हतं का?

थंडीत सगळा तुकडा पिवळा पडला. त्या कोपऱ्यात एक ओळ हिरवीगार राहिली, शेजारच्याही जरा बऱ्या. संगीता धावत आली. पण शेतकऱ्याची पोर ती — आधी हेच विचारलं. "मॅडम, तिथं मेंढरं-बिंढरं बसली होती का हो?"

"नाही," मी म्हणाले. "फाटक मी स्वतः लावते."

तिने लगेच मान डोलावली. नंतर कुणी शंका काढली की तीच हसून सांगायची, आमच्या मॅडमचं फाटक कधी उघडं राहत न्हाई.

पुढची सगळी वर्षं तिने त्या वाणात घालवली. कोणतं जनुक जागं होतं, कोणतं निजतं — पुन्हा पेर, पुन्हा पानं तोड, पुन्हा तपास. ती हिरवाई परत दिसली नाही. दिसणार कशी? आधी ती हवामानाला दोष द्यायची, मग स्वतःच्या हातांना. मी रोज तिच्या समोर बसत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणायचे — असं होतं कधीकधी. शेवटी तिने पीएचडी सोडली.

आता ती लातूरला कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एसटीने नांदेडला आली, धपाटे घेऊन. निघताना म्हणाली, "संशोधन माझ्या हातचं नव्हतंच, मॅडम. तुमचा येळ मात्र लई घेतला."

मी म्हटलं, असू दे.

ती गेल्यावर मी धपाटे खाल्ले. चांगले झाले होते.