रिकामाच आहे, बसा

आमच्या मराठवाड्यात कुणाच्या दारात जाऊन "काय चाललंय?" असं विचारलं, की समोरचा माणूस हातातलं काम बाजूला सारून म्हणतो, "काही नाही, रिकामाच आहे. या, बसा." चुलीवर दूध उतू जात असलं तरी हेच म्हणतो. तुम्ही आलात, आता काम जरा थांबलं तरी चालेल, एवढाच त्याचा अर्थ. शाळेची पायरी न चढलेल्यालाही तो आमच्याकडे कळतो. गळ्यात टाय बांधून मोठ्या शहरातून आलेल्या एका सल्लागाराला तो कळला नाही, आणि त्यापायी आमच्या गुरुजींचं टेबल गेलं. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझा राग काही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी मूळची नांदेडची. लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा तिथे क्लासचं पीक जोरात होतं. देगलूर, माहूर, हिमायतनगर, जिथून एस.टी. निघते तिथून पोरं येत होती, आणि प्रत्येकाच्या आईबापाला घरात डॉक्टर पाहिजे होता. आमचा क्लास एका जुन्या डाळीच्या गोदामात होता. वर दोन मजले चढवलेले, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर थोडी मोकळी जागा राहिलेली. तिथे पाण्याचं फिल्टर, एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर गुरुजी बसायचे. दुसरी पोरांसाठी.

गुरुजी औशाकडच्या एका गावात हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पोरांचे डाउट सोडवायला संचालकांनी त्यांना तिथे बसवलं होतं. आमच्या क्लासमध्ये शंका हा शब्द कुणी वापरत नसे, सगळे 'डाउट'च म्हणत. पोरगं आलं की गुरुजी कागद ओढायचे आणि पहिल्यांदा विचारायचे, "जेवलास का?" मग डाउट. पोरगं नसलं की हात टेबलावर ठेवून नुसते बसायचे. मला ते बघवत नसे. रिकामं बसलेलं माणूस दिसलं की माझ्या अंगाला खाज सुटते, हा आमच्या घराण्याचा गुण. एकदा मी म्हटलंच, "गुरुजी, पेपर तरी वाचत बसा."

"नको मॅडम," ते म्हणाले. "कामात दिसलो की लेकरं मागं फिरतेत."

त्याचा अर्थ मला देगलूरकडच्या एका मुलीने शिकवला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि आमच्या वर्गात अर्धं इंग्रजी. तिला काहीच कळत नव्हतं आणि ते सांगायला तोंड उघडत नव्हतं. ती फिल्टरपाशी येऊन बाटली भरायची, पाणी प्यायची, पुन्हा भरायची, तिरक्या डोळ्यांनी टेबलाकडे बघायची आणि निघून जायची. गुरुजींनी तिला कधी हाक मारली नाही. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसते बसून राहिले. असं कितीतरी दिवस चाललं आणि एका दुपारी ती आपण होऊन खुर्चीवर येऊन बसली. त्यानंतर रोज आली. वर्गात मी विचारलं की तिचा हात वर यायला लागला, तो त्या खुर्चीमुळे. माझ्या शिकवण्यामुळे नव्हे, हे मला पक्कं माहीत आहे.

मग आमच्याकडे 'लीन' आलं.

फळ्यावर सूचना लागली: 'शनिवारी लीन व्यवस्थापनाची सभा. सर्वांनी वेळेवर यावे.' आमच्या हिशेबाने लीन व्हायचं ते माहूरला, रेणुकामातेच्या पायाशी. भौतिकशास्त्राच्या मॅडमना वाटलं, कुणी महाराज येणार आहेत. त्या डोक्यावरून पदर घेऊन, चपला बाहेर काढून आल्या. त्यांचं बघून आणखी चौघांनी काढल्या. सल्लागार आत आले, तेव्हा दारात चपलांची रांग आणि आत हात जोडून बसलेला स्टाफ. ते गोंधळले, पण त्यांनीही बूट काढले. तेवढं एकच काम त्यांनी आमच्याकडे बघून केलं असेल.

त्यांनी पडद्यावर सांगितलं, की हे लीन इंग्रजीतलं, म्हणजे सडपातळ, कारखान्यांतून आलेलं; जे काम विद्यार्थ्याच्या मार्कांत भर घालत नाही ते वेस्ट. थांबणं वेस्ट, फिरणं वेस्ट, जास्तीचं सामान वेस्ट. आता प्रत्येक विभागातला वेस्ट मोजून त्याला गुण मिळणार. एवढ्यापर्यंत मला काही वाईट वाटलं नाही, खरं सांगते. आमच्याकडे एका कपाटाची किल्ली शोधण्यात माणसाचं आयुष्य जायचं. वस्तूंच्या जागा ठरल्या, डस्टरभोवती पिवळी पट्टी आली, किल्ली खिळ्यावर आली, तेव्हा मीच सगळ्यांत आधी वाहवा केली. डस्टर एका जागी राहावा यात काही गैर नाही. पण डस्टरची मोजपट्टी माणसाला लावली, तिथे माझं डोकं फिरलं.

सल्लागार दोन दिवस घड्याळ घेऊन हिंडले. नको असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची पद्धत होती. गुरुजींच्या समोरची खुर्ची ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा मोकळी दिसली, म्हणून तिच्या पाठीला लाल चिठ्ठी लागली. मग ते टेबलाशी आले.

"सर, काय चाललंय?"

गुरुजी उठून उभे राहिले. लाल चिठ्ठी लावलेली तीच खुर्ची त्यांनी पुढे ओढली. "काही नाही, रिकामाच हाय. बसा की."

सल्लागार बसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

पुढच्या सोमवारी फळ्याशेजारी मोठा तक्ता लागला. प्रत्येक विभागासमोर हसरा किंवा रडका चेहरा. 'डाउट काउंटर'समोर लाल रडका चेहरा आणि शेजारी शेरा: संबंधित व्यक्ती बहुतांश वेळ रिकामी, व्यक्तीने स्वतः मान्य केले. खुर्ची त्याच दिवशी अडगळीत गेली. संचालकांनी सांगितलं, की पुढच्या मोजणीत चेहरा हसला नाही तर टेबल उठवायचं.

मी तडक केबिनमध्ये गेले. मला विचारायचं होतं, की गेल्या वर्षीच्या पोरांचे फोटो छापून शहरभर जे फ्लेक्स लावले, आणि एकाच्या आडनावात चूक झाली म्हणून सगळे उतरवून पुन्हा छापले, ते कुठल्या रकान्यात बसतं? सत्काराच्या शाली पोत्यात कुजताहेत, त्यांना लाल चिठ्ठी का नाही? तुमच्या केबिनमधला माशांचा हौद कुणाच्या मार्कांत भर घालतो? हे सगळं मी विचारलं, याच शब्दांत. संचालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, संचालक कार्यालय मोजणीच्या कक्षेत नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ज्याने मोजायला सांगितलं त्याला सोडून बाकी सगळं मोजायचं, आणि वर याला शास्त्र म्हणायचं. माशांसमोर उभी राहून मला रडू येत होतं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग येत होता.

मग मी गुरुजींना पढवायला घेतलं. त्यांच्या टेबलापाशी उभी राहून म्हटलं, "गुरुजी, या खेपेला 'रिकामा आहे' म्हणायचं नाही. 'कामात आहे' म्हणायचं. म्हणून दाखवा."

ते हसले. "जमंल का मॅडम मला? लई जुनी सवय हाय."

"कधीची?"

तेव्हा त्यांनी मला भूकंपानंतरचं सांगितलं. त्या वेळी मी नांदेडला शाळेत होते. आमच्याकडे फडताळातली भांडी वाजली, तेवढाच माझा भूकंप. गुरुजींच्या गावात शाळा पडली होती, घरं पडली होती. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायचा, आणि तो सुटला की गुरुजी एकेका शेडसमोर जाऊन बसायचे. आपल्याकडे कुणाचं माणूस गेलं की बसायला जातात, तसंच. पण त्या गावात कुणी कुणाकडे बसायला जायचं, घरोघरी तेच होतं. म्हणून हे सगळीकडे गेले.

"माणसं बोलायची न्हाईत," ते म्हणाले. "मी उठतो म्हणलं की म्हणायची, तुमाला कामं असतील गुरुजी, जावा. मग मी म्हणायचो, मला काय काम हाय, रिकामाच हाय की. असं म्हणलं की थोड्या वेळानं बोलायची."

तेव्हाही नुकसानीचे मोजणीवाले गावोगाव येत होते. त्यांच्यातला एक जण गुरुजींच्या देखत सोबत्याला म्हणाला होता, की इथले लोक नुसते बसून राहतात, हातपाय हलवत नाहीत. हे सांगताना गुरुजींच्या आवाजात राग नव्हता. त्यांच्या वाट्याचाही राग मलाच आला.

"ते असू द्या," मी म्हटलं. "पण या वेळी म्हणायचं, कामात आहे. तुमच्यासाठी नाही, त्या पोरीसाठी."

"बरं," ते म्हणाले, आणि मान हलवून दोनदा म्हणूनही दाखवलं. "कामात आहे. कामात आहे."

दुसऱ्या मोजणीच्या दिवशी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले. देगलूरच्या मुलीला सांगून ठेवलं होतं, ती वही घेऊन आली होती. बसायला खुर्ची नव्हती म्हणून टेबलाच्या कडेला वाकून उभी. गुरुजी तिला लोलकाचं गणित समजावत होते, अर्धा कागद भरला होता. याहून कामात असलेला माणूस दाखवायचा तरी कसा?

सल्लागार जिना चढून आले. थोडे दमलेले दिसत होते. "काय चाललंय, सर?"

गुरुजींनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उन्हातून आलेल्या, दमलेल्या, उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघितलं. पेन खाली ठेवलं आणि उठून स्वतःची खुर्ची पुढे केली. "काही नाही, रिकामाच हाय. बसा तुमी. पाणी घ्या."

मुलगी वही छातीशी धरून उभी राहिली. सल्लागारांनी लिहून घेतलं.

मी पायऱ्या उतरून खाली आले. "अहो, तुम्हाला ही पोरगी दिसत नाही? हा कागद दिसत नाही? शाई वाळायची आहे अजून!"

"मॅडम," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "व्यक्तीने स्वतः सांगितलेलं आम्ही बदलत नाही. पद्धतच तशी आहे."

त्यांचा खोटेपणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खरोखर ऐकलं तेच लिहिलं होतं. समोर वही, कागद, मुलगी सगळं असताना ज्याला फक्त एक वाक्य ऐकू येतं आणि तेही उलटं, अशा माणसाला मोजायला बसवणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

नंतर मी गुरुजींवरही ओरडले. "सांगितलं होतं ना मी?"

"मॅडम, माणूस दारात उभा, अन् आपण कामात हाय म्हणायचं? त्याला जा म्हणल्यासारखंच झालं की ते."

टेबल उठलं. त्या जागी भिंतीवर कुलूपबंद शंकापेटी लागली. डाउट लिहून टाकायचा, उत्तर आठवड्याने फळ्यावर. ज्या पोराला आपलं काय अडलंय ते नीट लिहिता येतं, त्याचा अर्धा डाउट सुटलेला असतो. बाकीच्यांनी काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. देगलूरची मुलगी पुन्हा फिल्टरपाशी दिसायला लागली. बाटली भरायची, पाणी प्यायची, आणि आता बघायला तिथे कुणी नव्हतं. मी तिला माझ्याकडे बोलावलं. ती आली, पण मी सारखी घड्याळाकडे बघते हे तिला दिसायचं. दिवाळीला गावी गेली ती परत आली नाही. जिन्याच्या वळणासमोर मात्र पुढच्या तक्त्यात हसरा चेहरा होता.

ते वर्ष संपवून मी नांदेडला परत आले. पुढे एका लग्नासाठी लातूरला जाणं झालं, तेव्हा गुरुजींच्या घरी गेले. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. शेजारच्या खुर्चीवर जुन्या पेपरांचा ढीग होता. मला ओळखलं त्यांनी.

मी फाटकातूनच आपल्या पद्धतीने विचारलं, "काय करायलाव, गुरुजी?"

"कामात आहे," ते म्हणाले. मी शिकवलं होतं तस्संच, शब्द सरळ करून.

त्यांच्या हातात काही नव्हतं. ओट्यावर काही नव्हतं. मला त्या क्षणी तो तक्ता, तो चेहरा, ती माशांची काच, सगळं फोडून टाकावंसं वाटलं, आणि फोडायला तिथे काहीच नव्हतं. मी फाटक लोटलं. खुर्चीवरचा पेपरांचा ढीग उचलून खाली ठेवला, खुर्ची त्यांच्या समोर ओढली आणि बसले.

"असू द्या गुरुजी," मी म्हटलं. "मी रिकामीच आहे."