मोंबासाची जोडी

आमच्या घरात मासे शिजायचे, पोसले जायचे नाहीत. त्यामुळे माझा नवरा एका संध्याकाळी रेल्वेच्या शेडमधून छातीशी काचेची बरणी धरून आला आणि त्या बरणीत दोन जिवंत मासे दिसले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की एवढ्याशानं कुणाचं पोट भरणार. शेजारची हसली. मी हसले नाही. त्या वर्षी मला हसू येत नव्हतं, आणि का येत नव्हतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.

मला आज नातवंडं आहेत, म्हणून हे बोलायला जीभ रेटते. त्या वर्षाआधी माझी दोन मुलं गेलेली. पहिला मुलगा रीतीप्रमाणे माहेरी, ठाण्याला झाला आणि बारशाच्या आधीच गेला. पाळणा मागून आणलेला, तो तसाच परत पाठवला. दुसरी मुलगी कल्याणला, सासरीच झाली, कारण ठाण्याचं पाणी लाभत नाही असं सासूबाईंनी ठरवून टाकलेलं. चांगली गुटगुटीत होती. भिंतीला धरून उभी राहायला लागलेली, आणि घटसर्पानं तिचा गळा धरला. त्यानंतर सासूबाई नळावर शेजारणीला काय म्हणाल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलेलं. "दोन खाल्ली हिनं," म्हणाल्या. आपल्याकडे असंच म्हणतात. बाप कधी पोर खात नाही, उशिरा आलेला डॉक्टर खात नाही. खाते ती आई. आता मला तिसऱ्यांदा दिवस गेलेले, आणि घरातली सगळी माझ्याकडे दुधाजवळ बसलेल्या मांजरीकडे बघावं तशी बघत होती. वाईट ह्याचं, की रात्रंदिवस तेच ऐकून मलाही वाटायला लागलेलं, असेल बाई, माझ्यातच काहीतरी असेल.

तर ते मासे. रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर बाडबिस्तरा गुंडाळून कायमचा परदेशी निघाला होता. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला, त्यानं ही जोडी मोंबासाहून आणलेली. कपाट खपलं, कुत्रा कुणीतरी नेला, माशांना मात्र गिऱ्हाईक मिळेना. शेवटी त्यानं बरणी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं, की नवरा-बायको आहेत, ताटातूट करू नको. आफ्रिकेचा हा मासा आज बाजारात ढिगानं असतो, चिलापी म्हणतात त्याला. स्वस्त असतो, सून कधीमधी आणायचं म्हणते. माझ्या घरात तो शिजत नाही.

माझा नवरा अबोल. मुलगी गेली तेव्हाही माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. आईला तर तो कधीच काही बोलला नाही. ती नळावर काय म्हणते ते त्यालाही ठाऊक होतं, पण मूग गिळून बसायचा. बोलायचं सोडून त्यानं पेटी बांधली. भंगारातले लोखंडी अँगल, जुन्या खिडकीच्या काचा, सांध्यांत काचा बसवायची लांबी. पहिल्यांदा पाणी भरलं ते सगळं चुलीपर्यंत आलं. पुन्हा लांबी भरली, पुन्हा गळली. रेतीबंदरावरून पिशवीभर रेती आणली, ती मी बसून सात पाण्यांनी धुतली, कारण माझ्याशिवाय धुणार कोण. पेटी एकदाची बाकावर चढली, मासे सोडले, तेव्हा तो मला म्हणाला, "तुला विरंगुळा."

असा राग आला मला! माझी लेकरं मातीत गेली आणि ह्या बाबानं मला मासे आणून दिले. चार दिवस मी त्या पेटीकडे पाठ करून भाकऱ्या थापल्या. पण खोटं कशाला बोलू, पाचव्या दिवशी मीच सुका जवळा कुटून त्यात टाकत होते. भाताची शितंही खायचे. घरात दुसरं कुणी नव्हतं ज्याला मी भरवलं तर कुणाच्या कपाळाला आठी पडत नव्हती.

नर काळाकुट्ट होता, शेपटीच्या कडेला लाल रेघ. मादी राखाडी, अगदीच सुमार, बाजारात तिच्याकडे कुणी वळून बघितलं नसतं. नर दिवसभर तोंडात रेती भरायचा आणि लांब जाऊन थुंकायचा. करता करता त्यानं पेटीच्या कोपऱ्यात ताटलीएवढा खळगा केला. मग तिच्या मागं लागायचा. ती पळून पळून दमायची. मी नवऱ्याला म्हटलं, ह्याला जरा वेगळा ठेवू या. तो म्हणाला, ताटातूट करू नको म्हणून सांगितलंय. त्या ड्रायव्हरच्या शब्दाला आम्ही फारच मान दिला.

एका दुपारी सासूबाई पेटीसमोर बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांनीच हाक मारली. मादीनं खळग्यात अंडी घातलेली, पिवळसर, राळ्यासारखी. मी बघायला वाकते तोवर ती वळली आणि एकेक करून सगळी तोंडात घेतली. पुन्हा घातली, पुन्हा घेतली. रेतीत एक दाणा ठेवला नाही. मी उठून मोरीकडे गेले. मागून शेजारीण आली, तिनं काय झालं विचारलं, आणि सासूबाईंनी आवाज खाली आणायचीही तसदी न घेता सांगितलं, "पोटची सगळी खाल्ली बघ. आता घरात दोघी झाल्या."

दोघी. मी मोरीत बसूनच राहिले, तांब्यानं पाणी ओतत राहिले, म्हणजे त्यांना वाटावं भांडी चालली आहेत. रडले नाही. संताप आला तो सासूबाईंचा नाही, त्या माशाचा. म्हटलं, रांडे, नसती आलीस मोंबासाहून तर काय बिघडलं असतं? निदान माझ्यासमोर तरी नको होतं करायला. त्या संध्याकाळी मी पेटीत जवळा टाकला नाही.

नवऱ्यानं टाकला. नर धावून आला, मादी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जवळ्याचा तुकडा तिच्या नाकासमोरून खाली गेला तरी ती हलेना. कोपऱ्यात उभी राहायची, तोंड घट्ट मिटलेलं, आणि मिटल्या तोंडानं काहीतरी सारखी चघळल्यासारखी करायची. गळा फुगलेला. मुलीचा गळा मी असाच बघितलेला. दिवस जात राहिले तशी तिची पाठ धारेला आली, पोट खपाटीला गेलं. आणि मला पहिल्यांदा शंका आली. पोरं खाऊन माजलेली बाई अशी वाळते का? पण हे मी कुणाला सांगणार? माझ्या तोंडून त्या माशाची बाजू निघाली असती, तर कुणाची बाजू म्हणून ऐकली असती ते उघड होतं.

जेवण मलाही जाईना. सासूबाईंच्या ते नजरेत आलं. त्यांना मी नको होते असं नाही. त्यांना नातू हवा होता, आणि तो माझ्याच पोटात होता. पुढ्यात बसून भात कालवायच्या, खा म्हणायच्या. मी पेटीकडे बघत बसते हेही त्यांना खुपायला लागलं. एक दिवस त्यांनी ठरवलं, की ह्या माशाच्या घशात खडा अडकलाय, दुसरं काही नाही. गरोदर बाईच्या डोळ्यांसमोर उपाशी जीव मरायला नको, खडा काढून टाकते.

आता हे समजून घ्या, की कल्याणच्या मासळीबाजारात सासूबाईंना फसवणारी कोळीण जन्मली नव्हती. त्या माशाचा कल्ला अंगठ्यानं वर करायच्या, आत बघायच्या आणि निम्मी पाटी नापास करायच्या. आळीतल्या बायका त्यांना मुद्दाम सोबत न्यायच्या. त्यामुळे मासा हातात घेऊन उघडून बघणं हे त्यांना तांदळातला खडा काढण्याइतकं सोपं वाटत होतं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नवरा कामावर गेलेला. त्यांनी पदर खोचला, भाताचं पातेलं पेटीत बुडवून मादी त्यात घेतली, मग डाव्या मुठीत धरली. कल्ला वर केला. लाल आहे चांगला, म्हणाल्या. सवयच ती. मग गळ्याखाली बोट दाबलं, तशी तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून पोरं पडायला लागली.

पातेल्यात. आधी दोन-चार, मग लोटच्या लोट. जिऱ्याएवढी, नुसते डोळे आणि शेपटी, आणि सगळी जिवंत, वळवळत, एकमेकांना चिकटून गोल फिरणारी. खाल्लेली पोरं जिवंत नसतात, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. इतके दिवस अन्नाला शिवली नव्हती ती ह्यासाठी. तोंड उघडलं असतं तर पोरं गेली असती.

सासूबाईंच्या हातातला मासा तसाच राहिला. "अगं," त्या म्हणाल्या, "ही तर सांभाळत होती."

बोलायला माझ्याकडे इतकं होतं, की त्यातलं काही बाहेर पडेना. एवढंच विचारलं, की पोरं पातेल्यातच ठेवू या का, मादीबरोबर. सासूबाई म्हणाल्या, छे, लेकरं आईबापापासून तोडायची नाहीत, तो माणूस सांगून गेलाय ना. आणि त्यांनी पातेलं अलगद पेटीत रिकामं केलं.

मादी भेदरलेली. तळाशी जाऊन बसली. पोरांचा घोळका तिच्या मागं गेला, तिच्या तोंडाला धडका द्यायला लागला. आत घे म्हणत होती ती, दुसरं काय. पण तिचं तोंड काही उघडेना. आमच्या हातानं तिला काय झालं होतं कोण जाणे, घाबरली होती की दमली होती. आणि तेवढ्यात काळा आला. पहिल्या सपाट्यात घोळक्याला भोक पडलं. मला वाटलं, बाजूला सारतोय. दुसऱ्या सपाट्यात कळलं. खाल्ली ती बापानं.

सासूबाई काचेवर थापट्या मारायला लागल्या. मेल्या, सोड, तुझीच आहेत, म्हणून ओरडत होत्या. मी हात कोपरापर्यंत बुडवून त्याला धरायला बघत होते, आणि माझ्या हातानं रेती ढवळून पाणी इतकं गढूळ झालं, की काळा कुठं आहे तेच दिसेना. पाणी निवळलं तेव्हा पेटीत दोघंच होती. सासूबाई खाली बसून पदरात तोंड घालून रडत होत्या. माझ्या दोघांच्या वेळी त्यांना असं रडताना मी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. मरो तो मासा, मरोत ती पोरं, पण हे रडणं माझ्या हक्काचं होतं आणि ते तिथं सांडत होतं.

नवरा आल्यावर झालेलं सगळं त्यांनीच त्याला सांगितलं, माझ्याकडे बोट न करता. त्यानं त्याच पावली काळ्याला उचललं आणि खाडीत सोडून आला. मादीला मग सासूबाईच जवळा घालायच्या, थोडा थोडा, ती खाते का बघत. पण ती सावरली नाही. एका सकाळी नवऱ्यानं पेटी रिकामी करून अंगणात पालथी घातली.

माझं बाळंतपण सातव्यातच आलं. सुईण आली, डॉक्टरही आला. मुलगा होता. रडला, पण मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात, आणि दुपारपर्यंत तेही थांबलं. सासूबाईंनी त्याला कापसात गुंडाळून शेक दिला, मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्यांच्या मांडीवरच गेला.

मग रीतीप्रमाणे आळीतल्या बायका भेटायला आल्या. भिंतीला टेकून ओळीनं बसल्या. मी डोळे मिटून पडलेली. नळावरची ती शेजारीण उसासा टाकून म्हणाली, तिसरंही खा... आणि सासूबाईंनी तिला तिथंच तोडली.

"तिनं काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "होतं तोवर तिनं सांभाळलं. तो शब्द ह्या घरात पुन्हा काढायचा नाही."

हे वाक्य मला पहिल्या मुलाच्या वेळी हवं होतं. निदान मुलीच्या वेळी तरी. तेव्हा कुणी ते उच्चारलं असतं तर मी त्याच्यावर दिवस काढले असते, स्वतःला इतकी भ्यायले नसते. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी म्हणेन म्हणून. छाती दुधानं ठणकत होती. मी भिंतीकडे कूस बदलली.