तिनं पोलिसाला सांगितलेलं नाव

पनवेलच्या मच्छी मार्केटबाहेर माझी बायको सुकी मच्छी घेऊन बसायची. माल मी करंज्याच्या बंदरावरून आणायचा, विकायचा तिने. मला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही. शाळा चौथीत सोडली, गोड बोलणं त्याच्याही आधी.

ज्या दिवसाचं सांगतो त्या दिवशी मी करंज्यालाच होतो. एका रिक्षावाल्याने रिक्षा मागे घेताना तिची पाटी उडवली. सुकट सगळी गटारात. हिने त्याची कॉलर धरली. गर्दी झाली, तशी पोलीसबाई आली. तेव्हा पोलिसांच्या छातीवर ते कॅमेरे नवीनच आले होते. एवढासा डबा, चालू केला की लाल दिवा लागतो. बाईने दिवा लावला आणि विचारलं, "मावशी, नाव सांगा. नवऱ्याचंही सांगा."

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. आताच्या पोरी घेतात, हिने कधी घेतलं नाही. मला बोलवायचं तर "अवो", नाहीतर नुसती ताटावर वाटी आपटायची. रेशनच्या दुकानात माझं नाव विचारलं की शेजारणीला पुढे करायची. लग्नात उखाणा घेतला होता, पण बाहेर बँड वाजत होता. मला फक्त ओठ हललेले दिसले.

आणि त्या दिवशी तिने घेतलं. बाजूला बसणाऱ्या भाजीवालीने संध्याकाळी मला गाठून सांगितलं, "दादा, वहिनीनं आज तुमचा नाव घेतला. कॅमेऱ्यात!"

घरी येऊन मी विचारलं, "काय गं, माझा नाव घेतलास म्हणं?"

"सरकारला सांगितला. तुमाला नाय."

"मग आता मना सांग."

"का, तुमाला म्हाईत नाय तुमचा नाव?" म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. तव्यावरची भाकरी करपली.

पाऊस संपता संपता तिला ताप आला. दवाखान्यात नेली, परत आणली ती मेलेलीच.

आता माझं नाव घेणारे पुष्कळ आहेत. बँकेत घेतात, दवाखान्यात नंबर लागला की मोठ्याने घेतात. घरात वाटी आपटणारं कोणी नाही. फोटो आहे तिचा भिंतीवर. आवाज कुठेच नाही. तेव्हा मला त्या कॅमेऱ्याची आठवण झाली.

पोलीस ठाण्यात गेलो. मार्केटातल्या भांडणाला कोण आलं होतं ते विचारलं, तर तीच बाई समोर होती. म्हटलं, "माझ्या बायकोचा आवाज तुमच्याकडे हाय. एकदा ऐकवा, मग मी जातो."

तिने भांडण कुठलं, कधीचं, विचारलं. मग म्हणाली, "काका, त्यांनी तक्रारच दिली नव्हती."

खरं होतं. रिक्षावाल्याने हात जोडले, तशी हिने सोडून दिला होता.

"तक्रार नसली की ते काही दिवसांनी पुसलं जातं. गुन्हा दाखल असता तर राहिलं असतं."

"मग आता दाखल करा."

बाजूचा हवालदार हसला. "कुणावर, आजोबा? सुकटीवर?"

माझं डोकं सणकलं. "दुनियेची भांडणं भरून ठेवता, आणि एका बाईचा एक शब्द ठेवायला जागा नाय तुमच्याकडं?"

बाईने हवालदाराला बाहेर पाठवलं. मला खुर्ची दिली. "मला आठवतं ते," म्हणाली. "आधी म्हणाल्या, यांचा लिवा ना. मी म्हटलं, यांचा म्हणजे कुणाचा? तर रिक्षावाल्याला म्हणाल्या, तू कान झाक. त्याने खरंच झाकले, काका! मग डोक्यावर पदर घेतला आणि बोलल्या. मी खात्रीसाठी परत सांगा म्हटलं. तर म्हणाल्या, एकदा घेतला तेवढा पुरं."

तीच ती. असंच बोलायची.

"काका, त्या म्हणाल्या तसं मी म्हणून दाखवू?"

"नको," म्हटलं आणि उठलो. पोलीसबाईचं काही चुकलं नव्हतं. पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मी गेलो नव्हतो.

येताना मार्केटवरून आलो. तिच्या जागेवर मोबाईलची कव्हरं विकणारा बसला होता. भाजीवाली म्हणाली, "दादा, चा घ्या." मी थांबलो नाही.

घरी भात लावला. ताट घेतलं. वाटी ठेवताना आवाज होणार नाही अशी ठेवली.