साहेबांनंतर बाई

"पुन्हा एकदा मोजा."

बाईंनी सोयाबीनचा एक दाणा दाढेखाली धरायचा, कट्‌कन फोडायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "तेरा." मग शेजारचं यंत्र तेराच्या आसपासचा आकडा दाखवायचं. नाही दाखवला, तर बाई यंत्रावर चिडत नसत. यंत्रासमोरच्या माणसाकडे बघून म्हणत, "पुन्हा एकदा मोजा. घाई कशाची हाय?"

आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. लातूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. धान्यातला ओलावा मोजणारी यंत्रं आम्ही बनवायचो. तुम्ही हंगामात लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गेला असाल तर आडतीच्या ओट्यावर डब्याएवढं निळं यंत्र पाहिलं असेल. त्यावर जो आकडा उमटतो त्यावर शेतकऱ्याचा भाव ठरतो. मी तिथं ऑफिस सांभाळायचो. बाई यंत्रं तपासण्याच्या विभागाच्या प्रमुख.

कंपनी साहेबांची. साहेब बोलायला उभे राहिले की माणसं हातातला चहा विसरत. "माझ्या बापाच्या सोयाबीनचा ओलावा आडत्या दातानं ठरवायचा. त्या दाताच्या जागी मी आकडा आणला!" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल, शंभरही वेळा अंगावर काटा आला. खोटं काय सांगू.

पण तो आकडा बाईंचा होता. साहेबांचं पहिलं यंत्र सकाळी एक सांगायचं आणि दुपारी त्याच दाण्याचं दुसरंच. उमरीहून डिप्लोमा करून आलेली ही मुलगी एक अख्खा उन्हाळा भट्टीसमोर बसली. नमुने वाळवले, तोलले, पुन्हा वाळवले, आणि ऊन चढलं की आकडा का हलतो ते शोधून काढलं. साहेब ते कधी लपवत नसत. दर दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर म्हणायचे, "यंत्र माझं, पण आकडा या पोरीचा. माझ्यानंतर ही खुर्ची तिचीच." टाळ्या पडायच्या. ते व्यासपीठावरून उतरले की बाई हळूच म्हणायच्या, "साहेब, असं बोलत नका जाऊ. माणूस खरं धरून बसतो."

एकदा उदगीरच्या एका आडत्याचा फोन आला. यंत्र बिघडलंय, सगळा माल ओला दाखवून राहिलंय, कंपनीवर केस करतो. बाई सकाळच्या एसटीनं गेल्या. यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही, आडत्याच्या गादीमागचा कुलर बंद केला. "शेठ, ते सोयाबीनचा ओलावा मोजून राहिलं न्हाई. तुमच्या कुलरचा मोजून राहिलंय." आडत्या पुढे वर्षभर ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना हसत सांगायचा.

अजून एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाईंचे वडील रेल्वेत गँगमन होते, घर उमरीच्या विहाराशेजारी. एप्रिलमध्ये जयंतीच्या दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसात पेढे आणायच्या. मोंढ्यातली व्यापारी मंडळी आलेली असली तर पेढा हातात घ्यायची, "वा वा" म्हणायची, बोलत राहायची. ती गेली की पेढे टेबलाच्या कडेला तसेच दिसायचे. बाईंना दिसू नयेत म्हणून मी ते पटकन ड्रॉवरमध्ये टाकायचो. मी हिमायतनगरचा, शेतीवाल्या घरातला. मला वाटायचं, मी फार चांगलं काम करतोय. बाईंना सगळं दिसत होतं.

मग साहेबांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. शेवटी एका सभेत त्यांनी खुर्चीवर बसूनच सांगितलं, "ही जागा माझ्या घरात जाणार नाही. लायक माणसाला मिळेल. समिती ठरवेल." समितीत तिघं : साहेबांचे भागीदार असलेले एक डाळमिलवाले शेठ, एक निवृत्त प्राचार्य आणि लिहायला मी. साहेब स्वतः बाहेर राहिले. "मी बसलो तर लोक म्हणतील मीच ठरवलं."

नावं दोन होती. एक बाई. दुसरा पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेला विक्री विभागाचा प्रमुख. तो बोलायला लागला की साहेबांचीच आठवण यायची. तसाच हात वर नेणं, तसंच मधेच थांबणं. फक्त साहेब मोंढ्याबद्दल बोलायचे आणि हा साहेबांबद्दल बोलायचा.

बाईंनी समितीसमोर अर्धा तास सांगितलं. कुठल्या तालुक्यात किती यंत्रं जुनी झालीत, हंगामाआधी काय बदलावं लागेल, कोणाला शिकवून तयार केलंय. प्राचार्य मान डोलवत होते. शेवटी शेठ म्हणाले, "बाई, सगळं खरं. पण मोंढ्यातल्या माणसांत बसावं लागतं, जेवणखाण असतं, घरी जाणं-येणं असतं. तुम्हाला जमंल का?"

बाई म्हणाल्या, "शेठ, तुमच्या गादीवरच्या यंत्राला दर हंगामाला हात माझाच लागतो. आजपर्यंत तरी काही झालं न्हाई."

शेठ हसले. बाई हसल्या नाहीत.

त्या गेल्यावर शेठ म्हणाले, "बाईंचं काम सोन्यासारखं हाय. त्यात वादच न्हाई. पण आपली माणसं... तुम्हाला कळून राहिलं ना, मी काय म्हणून राहिलो?"

आम्हाला कळत होतं. प्राचार्यांनी बशीतला चहा फुंकून घेतला. माझ्या हातात पेन होतं. एवढंच म्हणायचं होतं की शेठ, हे चुकीचं आहे. मी विचारलं, "मग लिहू कसं?"

आणि मीच शब्द सुचवला. 'तांत्रिकदृष्ट्या अत्यंत सक्षम. तथापि नेतृत्वासाठी आवश्यक ती स्वीकारार्हता अद्याप नाही.' शेठ म्हणाले, "वा, बरोबर शब्द सापडला."

साहेबांनी कागद वाचला. कागद छातीवर ठेवून पडल्या पडल्या डोळे मिटले. मला वाटलं, फाडतील. मनातून वाटत होतं की फाडावाच. त्यांनी विचारलं, "समितीचं एकमत हाय?"

"हाय, साहेब."

त्यांनी सही केली. म्हणाले, "तिला तूच सांग. मला न्हाई जमायचं बोलायला." ज्यांच्या बोलण्यावर आमची अख्खी कंपनी उभी होती, ते हे म्हणाले.

मीही सांगितलं नाही. पत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं. दुपारी त्या ते घेऊन माझ्याकडे आल्या. समोर बसल्या नाहीत.

"भाऊ, ह्या शब्दाचा अर्थ काय हो? माझं मराठी कच्चं हाय."

"म्हणजे... सगळ्यांनी मानणं, बाई."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी कोणी?"

मी टेबलावरच्या फायली सरळ करू लागलो.

"तुम्ही मानता का मला?"

"मी तर मानतोच की, बाई!"

"मग खाली सही तुमचीच हाय, ती कशी काय?"

त्यांनी कागदाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि त्या कामाला गेल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. हंगाम तोंडावर होता म्हणून पुढचे तीन महिने रोज वेळेवर आल्या, एकेका यंत्राची नोंद पुण्याहून आलेल्या नव्या साहेबांच्या माणसांना समजावून दिली. शेवटच्या दिवशी निरोप समारंभ ठेवला होता. शाल, श्रीफळ सगळं आणलं होतं. बाई दुपारच्या गाडीनं नांदेडला निघून गेल्या होत्या. ती शाल मग स्टोअरमध्येच पडून राहिली.

नव्या साहेबांनी कंपनीचा रंग बदलला, नाव इंग्रजीतून मोठं केलं, मोबाइलवर आकडा दिसेल अशी सोय केली. तपासणीचा विभाग मात्र छोटा केला. म्हणाले, आता ते आपोआप होतं. पुढच्या हंगामात एकाच पोत्याला दोन ओट्यांवर दोन आकडे यायला लागले. निलंग्याच्या शेतकऱ्यांनी आमची चार यंत्रं ओट्यावरून खाली फेकली. आडत्यांनी बाकीची पोत्यांमागे सरकवली आणि पुन्हा दाणा दाताखाली धरला. साहेबांच्या आयुष्याची कमाई एका दिवाळीत संपली. नवे साहेब एका सकाळी पुण्याला गेले, त्यांचा राजीनामा मेलवर आला.

मग साहेबांनी मला बोलावलं. डायलिसिसच्या खाटेवर ते अगदी लहान दिसत होते. "नांदेडला जा. तिला घेऊन ये. सांग, समिती न्हाई, काही न्हाई. खुर्ची तिची हाय." आणि नेमणुकीचं पत्र माझ्या हातात दिलं.

बाई एका आयटीआयमध्ये कंत्राटी शिक्षिका होत्या. दोन तासांच्या मधल्या वेळात व्हरांड्यात भेटल्या. हाताला खडू लागलेला. चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली, साहेबांची तब्येत विचारली. पत्र मात्र पाकिटातून पूर्ण बाहेरही काढलं नाही. पहिली ओळ वाचली आणि परत दिलं.

"न्हाई, भाऊ."

"बाई, कंपनी जाईल."

"जाईल. मला वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण मी येणार न्हाई. आता चालवायला कोणी उरलं न्हाई म्हणून मी चालते. तेव्हा चालत नव्हते."

मी खाली बघून म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

दीड वर्ष हे वाक्य मी मनात घोळवलं होतं. वाटत होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊ, तुमच्या हातात काय होतं.

बाई म्हणाल्या, "हाव. पाहिजे होतं."

एवढंच. घंटा झाली. त्यांनी कप खिडकीत ठेवला, पदर खोचला आणि वर्गात गेल्या. आत मुलामुलींचा गलका एकदम थांबला. त्या फळ्यावर काहीतरी आखत होत्या, पाठ माझ्याकडे.

मी गेटपाशी येऊन साहेबांना फोन लावला. सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून डायलिसिसच्या मशीनची घरघर येत होती. मला वाटलं, साहेब रडत असावेत.

मग ते म्हणाले, "बरं. दुसरं कोण दिसतंय का, बघ."