मधोमध

हिमालयातल्या औलीला एका दुकानात आमचे मेहुणे बर्फावरून घसरायच्या नव्याकोऱ्या स्की मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही टोकं वर वळलेली, म्हणजे उलटंही घसरता येतं. बूट अडकवायची पकड कुठे बसवायची, यावर त्यांचा खल चालला होता.

"जरा मागे घ्या, उतरायला सोपं जाईल," मी म्हणालो.

"छे, मधोमध! उलटंही जाता आलं पाहिजे."

बरोबरच आहे. घरातल्या प्रत्येक भांडणात दोन्हीकडचा चहा पिऊन येणारा माणूस आणखी कुठे उभा राहणार? अशांना वाट नको असते, नुसती परतीची सोय हवी असते.

पकड मधोमध बसली. संध्याकाळी मेहुणे स्की खांद्यावर टाकून फोटो काढून घेत होते. मागच्या बर्फाच्या उतारावर दिवसभर घसरलेल्यांच्या कितीतरी रेघा उमटल्या होत्या. त्यांत मेहुण्यांची एकही नव्हती, सुलटी नाही की उलटी.